मेलेल्या राजाने पुरवलेले शब्द

मी टोरोंटोच्या एका नाटकघरात ड्रेसर होते असं सांगितलं की आपल्या माणसांचा गोंधळ होतो. आपल्याकडे ड्रेसर म्हणजे सरकारी दवाखान्यात जखमेवर पट्टी बांधणारा. माझी आई रेवदंड्याला कितीतरी वर्षं शेजारीपाजारी अभिमानाने सांगत होती की आमची हन्ना कॅनडात हॉस्पिटलात लागली आहे. एकदा फोनवर मी तिला खरं काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे धडधाकट माणसांना कपडे घालतेस?" मी हो म्हटलं. शेजारी मात्र तिने काही दुरुस्ती केली नाही.

संपादकांनी मला सांगितलं की नटनट्यांच्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेतच, थोड्या सांगतेही. पण लिहायला बसले की माझ्यासमोर दोनच माणसं येऊन उभी राहतात. त्यांची गोष्ट हलकीफुलकी नाही, त्याला माझा इलाज नाही.

आधी कामाबद्दल सांगते. आपल्या नाटकात कपडेपट सांभाळणारा असतो, तसंच हे, फक्त एकेका नटामागे माणूस असतो. प्रयोगाआधी कपडे तपासायचे, सुटलेली शिवण घालायची, नटाला कपडे चढवायचे आणि मग काळे कपडे घालून, तोंडात बारीक टॉर्च धरून विंगेत उभं राहायचं. राणी या दारातून राणी म्हणून आत येते आणि दुसऱ्या दारातून भिकारीण म्हणून बाहेर जाते. मधल्या वेळात प्रेक्षक दुसऱ्या कुणाचं तरी भाषण ऐकत असतात आणि आम्ही अंधारात तिला सोलून पुन्हा गुंडाळत असतो. त्यामुळे नाटकातल्या कपड्यांची बटणं खोटी असतात. दिसायला पुढे बटणं आणि आत टिचबटणं. वेल्क्रो मी कधीच वापरू दिलं नाही. शोकाच्या प्रवेशात विंगेतून चर्र आवाज आला की सगळा शोक वाहून जातो.

मी या कामात आले ती अपघातानेच. माझे वडील अलिबागला शिवणकाम करायचे, त्यांच्याकडे मी हात बसवला. आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा सॅम्युअल, इकडे आलो तेव्हा मला टोरोंटोशेजारच्या वॉनमध्ये कोटांच्या कारखान्यात काम मिळालं. तो कारखाना बंद पडला. आम्हा ज्यू लोकांच्या सिनगॉगमधल्या एका बाईंनी सांगितलं की डाउनटाउनला एका थिएटरला शिवणारी बाई हवी आहे. मी गेले. काही हंगाम मशीनवर बसले आणि मग एक दिवस ड्रेसर आजारी पडली म्हणून मला विंगेत उभं केलं. तिथून मी पुन्हा मशीनवर गेलेच नाही.

सॅम्युअलला हे फारसं रुचलं नव्हतं. शुक्रवारी रात्री प्रयोग, शनिवारी दोन प्रयोग, आणि आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, नेमका तेव्हाच. शुक्रवारचे दिवे घरातल्या बाईने लावायचे असतात. आमच्या घरी वर्षानुवर्षं ते सॅम्युअलने लावले. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. आज तो नाही आणि दिवे मी वेळेवर लावते.

नट ही जात विचित्र. एक गृहस्थ होते, पहिल्या प्रयोगाला घातलेला गंजीफ्रॉक नाटक संपेपर्यंत धुवू द्यायचे नाहीत. धुतला तर नाटक पडतं म्हणे. ते नाटक चार महिने चाललं आणि शेवटी शेवटी त्यांच्या प्रेयसीचं काम करणारी मुलगी संवाद म्हणताना तोंड वळवायची. समीक्षकांना तो तिचा लज्जेचा अभिनय वाटला. दुसरी एक बाई कपडे चढवताना अंगावर टाका घालू द्यायची नाही. घालायचाच झाला तर अपशकुन टळावा म्हणून तिच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा द्यावा लागे. माझी आजीही अंगावरच्या कपड्याला टाका घालताना तसंच करायची, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. तिलाच वाटलं, की या बाईला कसं ठाऊक.

आता गॉर्डन आणि आयरीन. यांचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, ते मी मराठीत देते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून मीही त्यांना एकेरीच लिहिते. माणूस रोज आपल्यापुढे बनियनवर उभा राहतो, त्याला अहोजाहो जमतही नाही.

गॉर्डन त्या थिएटरचा सर्वेसर्वा होता. ते त्यानेच उभं केलं होतं. जुनी बेकरी होती, तिचं नाटकघर केलं. कुठलं नाटक करायचं, कुणी काम करायचं, पडदा कुठल्या रंगाचा, सगळं तो ठरवायचा. धिप्पाड माणूस, आवाज असा की वरच्या मजल्यावर कपडेपटात मला त्याची तालीम ऐकू यायची. तापट होता. एकदा प्रकाशयोजना करणाऱ्याला त्याने भर तालमीत हाकलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन परत आणलं. माफी मागितली नाही, म्हणाला, "चल, उशीर होतोय." त्याच्याबरोबर काम करणारे निम्मे लोक त्याला देव मानायचे आणि निम्मे त्याच्या पडण्याची वाट पाहत होते. काही जण दोन्ही करायचे.

आयरीन त्या थिएटरची मुख्य नटी. दोघांनी लग्न केलं नव्हतं, पण स्ट्रीटकारच्या, म्हणजे ट्रामच्या, शेवटच्या टोकाला एका लहानशा घरात ती कितीतरी वर्षं एकत्र राहत होती. आयरीन बारीक, शांत, डोळ्यांनी बोलणारी. मी दोघांचीही ड्रेसर. त्याच्या खोलीतून तिच्या खोलीत माझ्या फेऱ्या चालायच्या. तो मला विचारायचा, "ती जेवली का?" ती विचारायची, "त्याने गोळी घेतली का?" समोरासमोर मात्र दोघं एकमेकांच्या कामातल्या चुका काढायची. त्यांच्या खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडलं असतं तर माझे गुडघे वाचले असते.

ज्या नाटकाबद्दल सांगायचं आहे ते एक जुनी शोकांतिका. नाव देत नाही, कारण दिलं तर इथल्या जुन्या प्रेक्षकांना थिएटर लगेच ओळखू येईल. एक राजा शत्रूला हरवतो आणि त्याच शत्रूच्या विधवा राणीच्या प्रेमात पडतो. तिच्यासाठी तो तह मोडतो, सरदारांना दुखावतो. सरदार एकेक करून फिरतात. चौथ्या अंकात भर दरबारात त्याला पदच्युत करतात. मुकुट, कमरपट्टा, मग खांद्यावरचा झगा, असं एकेक त्याच्या अंगावरून काढून घेतात. पाचव्या अंकात तो कैदेत मरतो आणि राणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन शेवटचं भाषण करते.

हे नाटक गॉर्डननेच निवडलं. राजा तो, राणी आयरीन. त्यांचं वय त्या भूमिकांच्या पुढे गेलं होतं, पण ते मी म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "तरुण माणसाचं राज्य गेलं तर त्याला दुसरं मिळतं. म्हाताऱ्याचं गेलं तर बघवत नाही. प्रेक्षकांनी तेच बघायला यायचं."

प्रेक्षक तसे येत नव्हते. ही गोष्ट थिएटरात सगळ्यांना ठाऊक होती. उपनगरातले लोक गाणी-नाच असलेली नाटकं बघायला मोठ्या थिएटरात जायचे आणि आमच्याकडे गुरुवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. थिएटरला एक बोर्ड होतं, वकील, बँकवाले, एक निवृत्त डॉक्टर. त्यांनी गॉर्डनला पुष्कळदा सांगून पाहिलं की वर्षातून एखादं संगीत नाटक कर, ख्रिसमसला मुलांचं काहीतरी कर. त्याने ऐकलं नाही. मोठ्या देणगीदार बाईंना त्याने भर पार्टीत सांगितलं की तुम्हाला नाटक कळत नाही, तुम्ही फक्त खुर्चीवर तुमचं नाव वाचायला येता. ते खरंही होतं. पण त्या बाई गेल्या आणि त्यांच्या मागोमाग बोर्डाचा धीरही गेला.

गॉर्डनला काढणार, ही कुजबुज तालमींच्या वेळेपासूनच होती. त्याच्याही कानावर ती होती. पण त्याची खात्री होती की त्याच्या जागी बसायला कुणी तयार होणार नाही. मलाही तसंच वाटायचं. राजाच्या झग्याचं अस्तर बदलत असताना मी एकदा त्याला म्हटलं की जरा नमतं घे. तो हसला. म्हणाला, "हन्ना, मला वाकता येत नाही, तू माझे कपडे शिवतेस, तुला माहीत हवं."

तो शनिवार होता. दुपारचा प्रयोग झाला होता आणि संध्याकाळच्या प्रयोगाला अवकाश होता. मधल्या वेळात नट जेवतात, पडतात. गॉर्डन त्याच्या खोलीत आरशासमोर बसून खोट्या दाढीचा डिंक पुसत होता. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून झग्याची उसवलेली किनार शिवत होते. आयरीन आत आली. तिने दार लावून घेतलं. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "बस, हन्ना. तू असलीस की मी नीट बोलेन."

मी बसले. मला नको होतं, पण बसले.

ती म्हणाली, "बोर्डाचं ठरलंय. हे नाटक संपलं की तुला जायला सांगणार."

"ते ठरवतातच," गॉर्डन म्हणाला. "त्यांना माझ्या जागी माणूस मिळत नाही."

"मिळाला आहे."

त्याचा हात थांबला. तो वळला नाही, आरशातून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तू हो कधी म्हणालीस?"

"बुधवारी."

"बुधवारी आपण बाहेर जेवायला गेलो होतो."

"हो."

"तू मासे मागवले होतेस."

"हो, गॉर्डन."

त्याने पुन्हा गाल पुसायला सुरुवात केली. आयरीन बोलायला लागली. तिने पाठ केलं होतं हे कळत होतं. ती नाही म्हणाली असती तर बोर्ड बाहेरचा माणूस आणणार होतं आणि त्या माणसाचं पहिलं काम थिएटर बंद करणं हे असणार होतं. जागा विकायची बोलणीही झाली होती. तिने अट घातली होती की एकालाही कामावरून काढायचं नाही. तिने ते मिळवलंही होतं.

"म्हणजे तू इमारत वाचवते आहेस," गॉर्डन म्हणाला.

"माणसं वाचवते आहे. सुतार, रंगारी, ही हन्ना."

गॉर्डनने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या वर्षी सॅम्युअलची पाठ धरली होती, त्याचं गोदामातलं काम सुटलं होतं आणि आमचं घर माझ्या कामावर चाललं होतं. हे गॉर्डनला माहीत होतं. पुन्हा आरशाकडे वळून तो आयरीनला म्हणाला, "ठीक आहे. मला आता थोडं पडायचं आहे." ती गेली. मी दिवा मंद केला आणि झगा घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बसून उरलेली किनार पुरी केली.

संध्याकाळच्या प्रयोगाला मी विंगेत उभी होते ती मनात भीती घेऊनच. थिएटरात बातमी फुटली नव्हती. आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. चौथा अंक आला. दरबार भरला, सरदार पुढे आले. मला वाटत होतं आता हा माणूस काहीतरी करणार. झगा सोडणार नाही, नाहीतर सरळ प्रेक्षकांशी बोलेल, नाहीतर निघून जाईल. काही झालं नाही. त्याने मान खाली घातली आणि त्यांना एकेक वस्तू काढू दिली, रोज द्यायचा तशीच, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. त्याचं काम त्या दिवशी जास्त चांगलं झालं असंही मी म्हणणार नाही. ते रोजच्याइतकंच चांगलं झालं. हे त्याने कसं केलं ते मला अजून कळलेलं नाही.

घोटाळा झाला तो आयरीनचा. पाचव्या अंकात ती आली, मेलेल्या राजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि गप्प झाली. शेवटचं भाषण होतं. ते तिने कितीतरी प्रयोगांत केलं होतं, झोपेत उठवलं असतं तरी म्हणाली असती. तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते. मी तिच्यापासून सर्वांत जवळच्या विंगेत होते. स्टेज मॅनेजरने लांबून वाक्य पुरवायचा प्रयत्न केला, तो तिच्यापर्यंत पोचला नाही. नाटकघरात कुणी खोकलंही नाही.

तेवढ्यात मला गॉर्डनचा आवाज ऐकू आला. मेलेल्या राजाचा. ओठ अजिबात न हलवता, श्वासावर, त्याने भाषणातले पहिले शब्द म्हटले. ती ते म्हणाली. त्याने पुढचे म्हटले. तेही ती म्हणाली. असं करत ते सबंध भाषण त्याने तिच्याकडून म्हणवून घेतलं, तिच्या मांडीवर डोळे मिटून पडल्या पडल्या. तिचा आवाज इतका तुटत होता की समोरच्या लोकांना वाटलं राणी दुःखाने बोलूच शकत नाही. पडदा पडल्यावर सगळं नाटकघर उभं राहिलं. माझ्या शेजारी एक सरदार उभा होता, तो डोळे पुसत मला म्हणाला, "आज काय काम केलं तिने." मी हो म्हटलं.

नंतर मी गॉर्डनच्या खोलीत गेले. त्याने कैद्याचा सदरा काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं काही बोलेल. तो म्हणाला, "तिचा घसा गेलाय. तिला मध घालून गरम पाणी दे." मी ते नेऊन दिलं. कुणी पाठवलं ते तिने विचारलं नाही, तिला कळलं होतं.

नाटक उरलेले सगळे प्रयोग झालं. गॉर्डन एकही चुकला नाही. पण स्टेजबाहेर तो तिच्याशी बोलला नाही. माझ्यामार्फतही नाही. ती जेवली का, हे विचारणं बंद झालं. ती मात्र गोळीचं विचारायची आणि मी खोटंच हो म्हणायची, कारण मला ठाऊक नसायचं. शेवटच्या प्रयोगाला बोर्डाने त्याच्यासाठी केक आणला. त्याने तो कापला, सुताराला पहिला तुकडा दिला आणि निघून गेला. स्ट्रीटकारच्या टोकाचं ते घरही त्याने सोडलं. पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्सला त्याची बहीण होती, तिच्याकडे गेला असं आम्हाला मागाहून कळलं.

आयरीनने थिएटर चालवलं. संगीत नाटकं आली, ख्रिसमसला मुलांची नाटकं आली, खुर्च्या भरल्या. तिने शब्द पाळला, कुणालाही काढलं नाही. मी तिथूनच निवृत्त झाले. पण ती स्वतः पुन्हा स्टेजवर उभी राहिली नाही. बैठका, सह्या, देणगीदारांची जेवणं यांतच तिची वर्षं गेली. कधीतरी ती कपडेपटात वर यायची आणि माझ्या शेजारी बसून बटणं निवडायची, काही न बोलता. गॉर्डनचं नाव दोघींनीही काढलं नाही. मग कोविड आला, थिएटर बंद पडलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा लोक परतले नाहीत. बोर्डाने जागा विकली. आज तिथे फ्लॅटांचा काँडो उभा आहे. खाली कॉफीचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीवर जुन्या बेकरीचा फोटो लावला आहे. नाटकघराचा नाही.

सॅम्युअल गेला त्या आठवड्यात मला एक फोन आला. आवाज मी ओळखला नाही. "हन्ना, मी गॉर्डन," असं त्याने सांगितलं, पण तो आवाज एखाद्या आजारी माणसाचा होता. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. फार बोलला नाही. म्हणाला, "तो शनिवारी तुला घ्यायला यायचा आणि गाडीतच बसून राहायचा. आत यायचा नाही. मी खिडकीतून बघायचो." मला हे माहीत नव्हतं की कुणी बघत होतं.

माझी मुलगी रूथ हॅलिफॅक्सला हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. बाप गेल्यावर ती मागेच लागली, "आई, जस्ट कम. एक विंटर तरी." मी गेले. समुद्र बघून मला रेवदंडा आठवेल असं तिला वाटलं होतं. हा समुद्र करडा आणि गार, पण वास थोडा तसाच आहे. गॉर्डन बंदराच्या पलीकडच्या काठाला, डार्टमथला राहत होता. एका दुपारी मी फेरीबोटीत बसून पलीकडे गेले.

त्याची फुप्फुसं गेली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, अंग निम्मं झालेलं. ज्या माणसाचा आवाज वरच्या मजल्यावर यायचा तो एकेका वाक्यानंतर थांबत होता. त्याने स्वतः चहा केला, मला करू दिला नाही. थिएटर विकलं गेल्याचं त्याने वाचलं होतं. मी म्हटलं, आयरीनने फार प्रयत्न केले. तो म्हणाला, "माहीत आहे." आणि बाहेर बघत राहिला. नंतर बऱ्याच वेळाने, मी कोट घालायला उठले तेव्हा, तो बोलला.

"तिने मला ते बंद करू द्यायला हवं होतं, हन्ना. बुडायचंच होतं तर माझ्या हातून बुडालं असतं. लोकांच्या शिव्या खायची मला सवय होती. तिला नव्हती."

मी विचारलं, "हे तिला सांगितलंस?"

"तिने कधी विचारलं नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी दोन दिवस विचार केला. ड्रेसरचा पहिला नियम असा की एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. पण मी आता कुणाची ड्रेसर नव्हते. मी टोरोंटोला आयरीनला फोन लावला आणि त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत सांगितलं. मग ती म्हणाली, "त्याला भेटायला आले तर तो दार उघडेल?" मी म्हटलं, उघडेल.

त्याने उघडलं. मीच तिला तिथवर घेऊन गेले होते. त्याने तिला पाहिलं आणि म्हणाला, "थंडी आहे, आत ये." तेवढंच. मी तिथून परतले.

आयरीनने डार्टमथलाच लहानशी जागा भाड्याने घेतली. वसंत, उन्हाळा आणि पानगळ, एवढा काळ त्यांना मिळाला. ती रोज दुपारी त्याच्याकडे जायची, त्याला पेपर वाचून दाखवायची, ऊन असलं तर व्हीलचेअरवरून बंदरावर न्यायची. मीही रूथकडेच राहिले होते, तिच्याबरोबर कधी जायची. बघून डोळे निवायचे. दोघं एकमेकांशी इतकी सांभाळून बोलायची. तो प्रत्येक गोष्टीला तिला थँक यू म्हणायचा. बर्फ पडायला सुरुवात झाली आणि तो गेला, हॉस्पिटलात, झोपेतच. शेवटी ती त्याच्याजवळ होती.

अंत्यविधीला फार कुणी नव्हतं. बहीण, चार शेजारी, टोरोंटोहून आलेला सुतार आणि आम्ही. दुसऱ्या दिवशी आयरीन आणि मी बंदरावर फेरीच्या स्टेशनात बसलो होतो. बाहेर शोव्हलने बर्फ उपसणाऱ्यांचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं की शेवटचे महिने तरी तुम्हाला एकत्र मिळाले, हे देवाचं देणं. ती मान हलवत राहिली. मग मी विचारलं, त्या शनिवारबद्दल तुमचं कधी बोलणं झालं का.

"नाही," ती म्हणाली. "मी ते बोलायलाच आले होते इथे. रोज ठरवून जायची की आज काढायचं. पण त्याला दम लागायचा. मला वाटायचं, उद्या. आणि तोही माझ्याशी किती चांगला वागत होता. आधी आम्ही मिठावरून भांडायचो, हन्ना. त्याने एकदा वाडगा भिंतीवर फेकला होता, मी दुसरा फेकला होता. इथे एकदाही आवाज चढला नाही. त्याने मला एकदा तरी विचारायला हवं होतं, तू असं का केलंस म्हणून. ओरडून विचारायला हवं होतं. मी ओरडून सांगितलं असतं."

फेरी लागली. लोक उठून रांगेत उभे राहिले. ती उठली नाही.

"आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना चहा करून देत राहिलो," ती म्हणाली.